वाटणीनंतरचे ५३ गुंठे: कसावेत, एकत्र करावेत की विकावेत?

प्रश्न: 'माळकरी', उचगाव भाग, ता. बेळगाव

सर्वांना नमस्कार. आमची जमीन चार एकर आहे. आजोबा ती कूळ म्हणून कसत होते आणि मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या काळात, जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर, फॉर्म ७ (कूळहक्काचा अर्ज) भरून ती त्यांच्या नावावर झाली. आता वडील आणि दोन काका यांच्यात वाटणी व्हायची आहे. प्रत्येकाच्या वाट्याला ५३ गुंठे येतील, पण तेही एकसंध नाहीत. अर्धी जमीन माळावरची तांबडी आहे, तिथे आम्ही रताळी आणि बटाटा करतो. उरलेली खालच्या अंगाला भाताची आहे. तिघांनाही दोन्हीकडे वाटा हवा असल्यामुळे मोजणीत सहा पट्ट्या पडतील आणि त्यांतल्या काहींत ट्रॅक्टर वळवायचा झाला तर शेजाऱ्याचा बांध ओलांडावा लागेल.

अशात एका कंपनीची माणसे आमच्या शिवारात फिरून गेली आहेत. लागून असलेली साठ-सत्तर एकर जमीन एकत्र करून फळबाग आणि पॉलिहाऊस उभे करायचे, असे ते म्हणतात. ज्याला विकायची आहे त्याने विकावी, ज्याला विकायची नाही त्याने पंधरा वर्षांच्या कराराने द्यावी, दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम मिळेल आणि घरटी एकाला कामही मिळेल, असा त्यांचा प्रस्ताव आहे. धाकटे काका तयार आहेत. वडील तयार नाहीत, पण का नाही हे त्यांना आकड्यांत सांगता येत नाही.

काळी आई वगैरे गोष्टी क्षणभर बाजूला ठेवून, निव्वळ हिशेबाने मला समजून घ्यायचे आहे. एवढ्याशा जमिनीला आर्थिक आधार उरला आहे का? आणि मोठ्या कंपनीची शेती खरोखरच आपल्यापेक्षा स्वस्तात पडते का?

उत्तर १: 'दूधगंगाकाठ', ता. निपाणी

माळकरी, आपल्याकडे ऊस नाही हे आपले नशीब म्हणायचे की नाही ते नंतर ठरवू, पण लहान शेतकरी नेमका कुठे मार खातो हे उसात जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही पिकात दिसत नाही, म्हणून मी उसाचेच सांगतो.

आमच्याकडे चांगल्या शेतकऱ्याला गुंठ्याला टन उतारा पडतो. म्हणजे ५३ गुंठ्यांत ५३ टन. गुर्लापूर क्रॉसवर नोव्हेंबर २०२५ मध्ये जे ऊसदराचे आंदोलन झाले त्यात मागणी टनाला ३५०० रुपयांची होती आणि सरकारने तोड काढली ती ३३०० रुपयांवर. त्या भावाने एकूण रक्कम एक लाख पंचाहत्तर हजारांच्या आसपास होते. आडसाली लावण असेल तर हे पैसे सव्वा-दीड वर्षाचे आहेत, आणि त्यातून नांगरट, बेणे, लागण, खते, भरणी, भांगलण हे सगळे वजा जायचे आहे. बारा एकरवाल्याचाही गुंठ्याला टनच येतो आणि भावही तोच मिळतो. मग फरक कुठे पडतो? तो बांधाच्या आत पडत नाही, बांधाच्या बाहेर पडतो.

तोडणीची टोळी आली की ती मोठा फड आधी धरते, कारण तिथे रोज जागा बदलावी लागत नाही आणि गाड्या एकामागून एक भरतात. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या पट्टीवर कोणी यायला तयार होत नाही. चिटबॉयच्या, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे लागावे लागते, टोळीला खुशाली म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, ड्रायव्हरला एंट्रीच्या नावाने तसेच पैसे द्यावे लागतात. ही खुशाली मोठ्या शेतकऱ्यालाही चुकत नाही, पण त्याला घासाघीस करता येते. लहान माणसाला मागतील ते द्यावे लागते, नाहीतर फडाला तुरा येतो आणि वजन उतरते. तोडणी यंत्र आले तेव्हा वाटले होते की टोळीचा जाच सुटेल. पण यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी आणि वळायला जागा लागते, त्यामुळे तेही पट्ट्यांच्या शिवारात यायला राजी नसते.

पैशाची गोष्ट तशीच. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. व्याज हातात पडलेला शेतकरी मी तरी आमच्या गावात पाहिलेला नाही. बिल दोन महिने लांबले तर बारा एकरवाला थांबू शकतो. ५३ गुंठेवाला पीकेपीएसचे, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचे, कर्ज थकू नये म्हणून सावकाराकडून उचल घेतो, आणि तिथे त्याचा नफा संपतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या काठावरचे फडच्या फड पाण्याखाली राहिले तेव्हाही हेच दिसले: ज्याची जमीन माळावर आणि काठावर अशी दोन्हीकडे होती तो तरला, ज्याचे सगळेच काठावर होते त्याचे सगळेच गेले. म्हणून आपल्या दोन ठिकाणच्या तुकड्यांना मी सरसकट दोष म्हणणार नाही. सहा पट्ट्या मात्र करू नका.

उत्तर २: 'निवृत्त प्राध्यापक', टिळकवाडी

दूधगंगाकाठ यांनी जे अनुभवाने सांगितले त्यामागे अर्थशास्त्रातील एक जुना वाद आहे. भारतातील शेती व्यवस्थापनाच्या पाहण्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की जमीनधारणा जसजशी वाढते तसतसे एकरी उत्पादन बहुधा घटत जाते. कारण सोपे आहे. घरच्या माणसाला बाहेर कामाची खात्री नसते, त्यामुळे तो स्वतःच्या शेतात मजुरीचा हिशेब न करता राबत राहतो, एक भांगलण जादा करतो, बांधावर तूर टोकतो. मजूर लावणारा मोठा शेतकरी मजुरीचे पैसे वसूल होत नाहीत असे दिसले की तिथेच थांबतो. पुढे संकरित बियाणे, खते आणि यंत्रे आल्यावर हा नियम काही भागांत सैल झाला, आणि तो आजही जसाच्या तसा लागू आहे असा माझा दावा नाही. पण 'लहान म्हणजे अकार्यक्षम' हे गृहीत धरून चालण्याला आधार नाही, एवढे निश्चित.

मात्र उत्पादकता वेगळी आणि उपजीविका वेगळी. एकरी पीक जास्त येऊनही घर चालत नाही, कारण एकरच कमी आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर होती, कर्नाटकात ती १.३६ हेक्टर होती, आणि दोन हेक्टरांखालील खातेदार देशात ८६ टक्के होते. २०१८-१९ या कृषी वर्षासाठी झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी कुटुंब म्हणतो त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. आपल्या भागात उद्यमबागच्या कारखान्यांत पाळी करून सुटीच्या दिवशी शेताकडे जाणारी माणसे घरोघर आहेत, त्यांना हा आकडा नवा वाटणार नाही.

आता कंपनीच्या शेतीविषयी. मोठ्या भांडवलाने स्वतः शेती करण्याचा प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे. महाराष्ट्रात खासगी साखर कंपन्यांकडे खंडाने घेतलेली हजारो एकर जमीन होती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ती काढून घेतली, पण तिचे तुकडे होऊ नयेत म्हणून १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन केले. पाणी, यंत्रे, पगारी अधिकारी, सलग क्षेत्र असे सगळे असूनही ते महामंडळ तोट्यात गेले आणि अखेर बरीचशी जमीन मूळ खंडकऱ्यांच्या, म्हणजे जमीन खंडाने देणाऱ्या मालकांच्या, वारसांना परत देण्याची वेळ आली. ते सरकारी होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्तही आहे. म्हणून दुसरे उदाहरण चहाचे देतो. चहा म्हणजे मळेवाल्या कंपन्यांचे पीक अशी आपली समजूत असते, पण आज देशातील निम्म्याहून अधिक चहा लहान उत्पादकांच्या बागांतून येतो. अमेरिकेकडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही पाहावे की २०२२ च्या तिथल्या गणनेत सरासरी शेत ४६३ एकरांचे असले तरी सुमारे ९५ टक्के शेते कुटुंबांच्याच मालकीची आहेत. कारगिल किंवा बुंगे यांच्यासारख्या कंपन्यांचा मोठेपणा धान्य विकत घेणे, साठवणे, वाहणे आणि प्रक्रिया करणे यांत आहे. नांगर धरण्याची हौस त्यांना नाही, कारण पाऊस, कीड आणि मजूर यांची जोखीम दुसऱ्याच्या अंगावर राहिलेली त्यांना परवडते.

आपल्या राज्यातील गेरकिनचे, म्हणजे लोणच्याच्या लहान काकडीचे, उदाहरण याच जातीचे आहे. निर्यातदार कंपन्या बियाणे आणि औषधे देतात, भाव आधी ठरवतात, पण पीक घेतात ते लहान शेतकऱ्यांकडूनच. काकडी एका दिवसात जाड होऊन खालच्या प्रतीत जाते. ती रोज तोडावी लागते आणि असे काम पगारी मजुरांच्या फौजेकडून नीट होत नाही.

तेव्हा कंपनी साठ-सत्तर एकर स्वतः कसायला निघाली आहे असे ऐकले की मला पहिली शंका येते ती ही की तिला शेती करायची आहे की जमीन धरून ठेवायची आहे.

उत्तर ३: 'भाजीवाली', कडोली भाग

सरांचे लिखाण नेहमी वाचते आणि त्यातून बरेच कळते, पण एका ठिकाणी थांबावेसे वाटले. घरचा माणूस मजुरीचा हिशेब न करता राबतो, असे आपण लिहिले आहे. तो माणूस बहुतेक वेळा बाई असते. आमच्या दीड एकरात कोबी, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आणि मिरची असे फिरते पीक असते. दुपारनंतर मेथी उपटायची, मुळांची माती झटकायची, पिवळी पाने काढून जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात रचायच्या आणि रात्रीच्या गाडीला द्यायच्या, कारण गोव्याला जाणाऱ्या गाड्या चोर्ला घाट उतरून सकाळच्या बाजाराला पोहोचायला हव्या असतात. जुडी सैल बांधली किंवा पाने घामेजली की भाव निम्म्यावर येतो. हे काम मी आणि सासूबाई करतो. वर्षाच्या शेवटी यजमान हिशेबाची वही काढतात तेव्हा त्यात बियाणे असते, औषध असते, गाडीभाडे असते, हमाली असते, अडत असते. आमच्या दोघींची मजुरी नसते. ती धरली तर दीड एकराची शेती फायद्यात आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मग लहान शेती अधिक पिकवते, या सिद्धान्ताचा अर्धा भार आमच्या कमरेवर आहे हेही त्यात लिहायला हवे.

तरी मी विका म्हणणार नाही. कंपनीत काम मिळेल ते रोजंदारीचे, तेही घरटी एकालाच, आणि तो एक कोण हे मी सांगायला नको. आज मेथी पडली तर उद्या मी मिरचीवर भरून काढते, हा निर्णय माझा असतो. दर मात्र आमच्या हातात नाही. टोमॅटो बाजारात ओतून यायची वेळ आमच्यावर आलेली आहे, आणि त्या दिवशी गाडीभाडे घरातून भरावे लागले.

उत्तर ४: 'बाँड रायटर', खानापूर

माळकरी, आपल्या प्रश्नातील सर्वांत धोक्याची गोष्ट अद्याप कोणी बोललेले नाही, ती म्हणजे पंधरा वर्षांचा करार. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ५ नुसार शेतजमीन खंडाने किंवा भाडेपट्ट्याने देण्यावर मुळातच बंदी आहे. सैनिकांसारखे मोजके अपवाद आहेत. मग असे करार 'व्यवस्थापन', 'भागीदारी' किंवा 'संयुक्त लागवड' अशा नावांखाली लिहिले जातात. वाद झाला तर असा कागद न्यायालयात किती टिकेल याची खात्री कोणी देणार नाही. कंपनीने विंधनविहिरी, शेडचे पाये आणि रस्ता केल्यावर बांध कुठे होता हे सिद्ध करण्याचे काम आपल्यावर येईल. शिवाय कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असणार. त्याचा प्रत्येक परिच्छेद विश्वासातल्या माणसाकडून मराठीत समजावून घेतल्याखेरीज घरातील कोणालाही अंगठा किंवा सही करू देऊ नका.

विक्रीची गोष्ट वेगळी. पूर्वी ७९ अ आणि ७९ ब ही कलमे होती, त्यामुळे बिगरशेतकऱ्याला किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती. २०२० च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. म्हणजे आज आपल्या राज्यात शहरातील पैसेवाला माणूस आपली जमीन कायमची विकत घेऊ शकतो, पण आपल्याच गल्लीतील होतकरू पोराला शेजाऱ्याची दोन एकर पडीक जमीन पाच वर्षांसाठी कायदेशीर खंडाने घेता येत नाही. तो घेतो, पण तोंडी. उताऱ्यावर त्याचे नाव नसते, म्हणून सोसायटीचे पाच लाखांपर्यंतचे बिनव्याजी पीककर्ज त्याला त्या जमिनीवर मिळत नाही, आणि पीक बुडाले तर भरपाई मालकाच्या खात्यावर जमा होते. दररोज उतारे बघणारा माणूस म्हणून सांगतो, लहान शेतकऱ्याला वाढू न देणारी मोठी अडचण ही आहे. खंडाने देण्यावरची बंदी कुळांच्या संरक्षणासाठी होती, त्याच कायद्याचा आपल्या आजोबांना लाभही झाला, पण आज नोकरीनिमित्त पुण्याला किंवा गोव्याला गेलेला मालक कूळ लागेल या भीतीने जमीन पडीक ठेवतो आणि कसू इच्छिणारा हात चोळत बसतो.

पुन्हा प्रश्नकर्ता: 'माळकरी'

सर्वांचे मनापासून आभार. कराराचा मुद्दा मी आजच काकांच्या कानावर घातला आणि ते थोडे नरमले आहेत. आता दुसरा प्रश्न. तिघा भावांनी नावे वेगळी करून कसणे एकत्र ठेवले तर ते व्यवहारात टिकते का? आणि आमच्या भागात शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याची चर्चा आहे, तिच्यात पडावे का?

उत्तर ५: 'दूधगंगाकाठ'

एकत्र कसणे टिकते, पण एकाच अटीवर. जो भाऊ प्रत्यक्ष शेतात उभा राहतो त्याची मजुरी आधी, दर महिन्याला, वहीत लिहून काढायची आणि उरलेल्याचे तीन भाग करायचे. भाजीवाली ताईंनी जे लिहिले ते इथेही लागू आहे: घरातील बायकांचे दिवसही त्याच वहीत आले पाहिजेत. आमच्या भावकीत दोन घरांनी असे केले. एकाने मजुरी लिहिली, ते अजून एकत्र आहेत. दुसऱ्याने 'आपल्याआपल्यात काय हिशेब' म्हटले आणि तिसऱ्या हंगामाला बांध घातला. उतारे वेगवेगळे काढून घ्या, म्हणजे तिघांनाही सोसायटीचे कर्ज आपापल्या नावावर मिळेल, पण मोजणी करताना माळ एका सलग तुकड्यात राहील असे बघा. एखाद्या भावाला भाताकडचा वाटा जास्त आणि दुसऱ्याला माळाचा जास्त, असे करून किमतीचा फरक पैशात भागवता येतो.

उत्तर ६: 'निवृत्त प्राध्यापक'

उत्पादक कंपनीबाबत. २०२० च्या केंद्रीय योजनेत सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद लागतात, तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो आणि सभासदाच्या भागभांडवलाइतकी, माणशी २००० रुपयांपर्यंत, भर सरकार घालते. पैसा कमी नाही. अडचण अशी की अनेक कंपन्या खते आणि बियाण्यांचे दुकान काढून तिथेच थांबतात. विक्रीला हात घालत नाहीत, कारण विक्रीत नुकसान होऊ शकते आणि दुकानात सहसा होत नाही. आपल्या भागातील रताळे दिल्ली आणि उत्तरेकडील बाजारांत जाते, उपवासाच्या दिवसांत मागणी वाढते, आणि तरीही शेतकरी ते बेळगावच्या मार्केट यार्डात पोत्याने विकून मोकळा होतो. माळावर काढलेले रताळे धुऊन, प्रत लावून, ट्रक भरून थेट पाठवण्याचे काम एका घराने होत नाही, पण चाळीस-पन्नास घरांनी होते. ज्या कंपनीचे प्रवर्तक पहिल्या बैठकीत ट्रकचे भाडे कोण आगाऊ भरणार आणि दिल्लीतील व्यापाऱ्याने पैसे थकवले तर तोटा कसा वाटायचा, हे बोलतील तिच्यात जरूर भाग घ्यावा. जिथे फक्त अनुदानाचे आकडे सांगितले जातील तिथे चहा पिऊन परत यावे.

उत्तर ७: 'बाँड रायटर'

वाटणीपत्र नोंदणीकृतच करा, साध्या कागदावर नको. आणि विहीर सामाईक असेल तर पाण्याचे वार, मोटारीचे वीज मीटर कोणाच्या नावावर, आणि पाइपलाइन कोणाच्या हद्दीतून जाणार, हे तिन्ही त्याच दस्तात लिहून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या भावकीच्या भांडणांत जमिनीपेक्षा विहिरीची भांडणे जास्त असतात.